पेडल नसलेलं मशीन

आशा गांगुर्डे यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्या नवऱ्यासाठी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. उत्तमनगर, पवननगर, त्रिमूर्ती चौक या पट्ट्यात घरोघरी जाऊन पेशंट बघते. निवृत्तीकाकांना अर्धांगाचा झटका येऊन पाच आठवडे झाले होते. एकोणीस वर्षं रिक्षा चालवलेला उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा ठेवायला दिल्यासारखा.

पहिल्याच दिवशी मी काकांच्या चांगल्या, डाव्या हाताला जाड हातमोजा चढवला आणि मनगटाशी बांधून टाकला. म्हटलं, "आता चहाचा कप उजव्या हातानं उचलायचा. सांडला तरी चालेल."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराशी उभ्या असलेल्या आशाताई पुढे आल्या. कंपनीचा निळा ॲप्रन अजून अंगावर होता.

"चांगला हात कशाला बांधला, मॅडम?"

"मोकळा ठेवला तर मेंदू सगळी कामं त्यालाच सांगणार. सोपं पडतं ना त्याला. जुना रस्ता बंद केला की नवा शोधावाच लागतो."

त्यांनी मोज्याची गाठ चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "हे फक्त आजारी माणसाचंच असतं का? धडधाकट माणसाचं पन असंच?"

"सगळ्यांचंच," मी म्हटलं आणि काकांच्या बोटांकडे वळले. त्या प्रश्नामागे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही.

ते कळलं तिसऱ्या आठवड्यात, कारण एके दिवशी आशाताई घरी आल्या त्याच रडून. मी असताना एरवी फारसं न बोलणारी बाई त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सगळं बोलली.

आशाताईंचं माहेर चांदवड तालुक्यातलं वडनेर भैरव. लग्न होऊन नाशकात आल्या, आणि पंचविसाव्या वर्षी अंबडच्या एका कंपनीत लागल्या. तिथं विजेच्या रिलेमध्ये बसणाऱ्या छोट्या कॉइल बनतात. प्लास्टिकची चिमुकली बॉबिन, तिच्यावर केसाहून बारीक तांब्याची तार, आणि तिचे हजारो फेरे. आशाताईंच्या मशीनला पायाखाली पेडल होतं. पाय दाबला की बॉबिन फिरायची, उचलला की थांबायची. तार उजव्या हाताच्या चिमटीतून सुटायची. तार कुठं अडली तर ते डोळ्यांना दिसायच्या आधी चिमटीला कळायचं आणि पाय आपोआप वर यायचा. बावीस वर्षं त्यांनी हे काम केलं. वायंडिंगला, म्हणजे तार गुंडाळायच्या कामाला, नवीन लागलेल्या पोरींना सुपरवायझर आधी आशाताईंच्या शेजारी बसवायचा.

मग लाइनवर नवी मशीनं आली. प्रत्येकावर एकाच वेळी आठ बॉबिन, समोर स्क्रीन. पेडल नाही. स्क्रीनवर उजवीकडे हिरवं 'सुरू', मधे लाल 'थांबा', डावीकडे 'उलट', म्हणजे गुंडाळलेली तार मागे सोडवायची असेल तर. चालवायला सोपी होती म्हणे. ट्रेनिंग दिलं अर्धा दिवस.

"माझा पाय ऐकंना," आशाताई म्हणाल्या. "तार अडली की पाय उचलला जायचा. पन खाली पेडलच नाय! मशीन आपलं फिरतंय, आणि मी पाय वर धरून बसलेली. तवर आठच्या आठ तारा तुटलेल्या."

प्रॉडक्शन मॅनेजर होते शेखर सर. वय सदतीस, हुशार, इंग्रजी फाड फाड. नवी मशीनं त्यांनीच आणली होती, तेव्हा त्यांच्यावरचं प्रत्येक रिजेक्शन, बाद झालेली प्रत्येक कॉइल, त्यांना स्वतःच्या गालावर बसल्यासारखं वाटायचं. मग सलग चार दिवस ते आशाताईंच्या मागे मोबाइलवर वेळ लावून उभे राहिले. मागे ते उभे असले की पाय जास्तच उचलला जायचा. पाचव्या दिवशी त्यांनी खडू मागवला. आशाताईंच्या खुर्चीखाली, जुन्या पेडलच्या जागी, फरशीवर एक मोठं पाऊल काढलं आणि सगळ्या लाइनला हाक मारली.

"या, बघा. आशाबाईंसाठी स्पेशल पेडल बनवलंय. दाबा बाई, दाबा."

लोक हसले. काही मनापासून, काही सरांच्या भीतीनं. आशाताईंचा पाय खरंच त्या खडूच्या पावलावर होता. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि चहाच्या सुट्टीपर्यंत तो कंपनीच्या ग्रुपवर आला. दुपारच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, "पन्नाशीच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. हे मी म्हणत नाही, सायन्स म्हणतं." दुसऱ्या दिवसापासून आशाताईंना पॅकिंगला टाकलं. खोक्यांना चिकटपट्टी लावायची.

"मॅडम, खरंच सायन्स असं म्हनतं?"

मला राग आला होता. मी म्हटलं, "तुमच्या सरांनी सायन्स अर्धवट वाचलंय. तुमच्यासमोर काकांचा हात बघा. मेंदूच्या मेलेल्या भागाचं काम शेजारचा भाग शिकतोय. त्यांचं वय चौपन्न आहे. शिकणं थांबत नाही, थोडं हळू होतं. आणि तुमचा पाय चुकत नाहीये. सवय मेंदूच्या खोल भागात जाऊन बसते, तिथं विचार पोचायच्या आधी काम होऊन जातं. बावीस वर्षांची सवय अर्ध्या दिवसात कशी पुसणार? ती पुसली जातच नाही. तिच्या शेजारी नवी घालायची असते."

"आनि मागं कोनी उभं राहिलं की?"

"घाबरलेल्या माणसाचा कपाळामागचा, विचार करणारा भाग मागे पडतो. मग मेंदू जुनी, पाठ झालेली गोष्टच पुढे करतो. माणूस राजा असला तरी त्याचंही तसंच होईल."

आशाताईंनी डोळे पुसले. "मग त्या सराचंही होईल," त्या म्हणाल्या. "त्याला मी तसंच उभं करीन. सगळ्यांसमोर. त्याचा स्वतःचा हात त्याचं ऐकायचा नाय असं."

मी हसून सोडून दिलं. माणसं रागात असं बोलतात.

त्या मात्र बोलून थांबल्या नाहीत. पॅकिंगची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. आशाताई दहा मिनिटांत डबा संपवायच्या आणि उरलेला वेळ एका नव्या मशीनपाशी जायच्या. तिथं हर्षाली नावाची मुलगी बसायची, तेवीस वर्षांची. खडूच्या दिवशी न हसलेल्या दोघी-तिघींतली ती एक. ती मशीन चालू करून द्यायची आणि दारावर लक्ष ठेवायची.

पहिले काही दिवस पाय तसाच उचलला जाई. मग आशाताईंना काकांचा मोजा आठवला. त्यांनी उजवा पाय वर घेतला आणि खुर्चीवर मांडीखाली दुमडून त्यावर बसल्या. पाय उचलायला जागाच ठेवली नाही. मशीन सगळ्यात हळू लावलं. एक तार अडवायची, लाल बटण दाबायचं. पुन्हा अडवायची, पुन्हा दाबायचं. वीस वेळा झालं की उठायचं. मी काकांसाठी जे जे सांगत असे ते ते त्या तिकडे करत होत्या: रोज थोडं, चूक झाली तर शिवी नाही, आणि झोप पुरी, कारण दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. सातव्या आठवड्यात त्यांनी पाय खाली सोडला. तार अडली. हात लाल बटणावर गेला आणि पाय जमिनीवरच राहिला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला पेढा दिला. म्हटलं, "गेली सवय?"

"गेली नाय. निजलीय," त्या म्हणाल्या.

कंपनीत माणसं कमी पडत होतीच. दिवाळीनंतर दोन मुली लग्न होऊन गेल्या, आणि सुपरवायझरनं आशाताईंना गुपचूप पुन्हा वायंडिंगला बसवलं. दोन महिन्यांत त्यांचं रिजेक्शन लाइनवर सगळ्यात कमी झालं. शेखर सर एकदा मशीनशी थांबले, आकडा पाहिला आणि म्हणाले, "बघा, माझ्या पद्धतीनं सरळ झालात की नाही!"

आशाताई म्हणाल्या, "हो सर."

"त्या दिवशी तो नुसता 'शाब्बास' म्हनला असता ना," त्या मला नंतर म्हणाल्या, "तर मी सोडलं असतं कदाचित." मग स्वतःच, "नाय. नसतं सोडलं."

आता त्या मला वेगळेच प्रश्न विचारू लागल्या. एखादं काम माणूस रोज करत नाही, अधूनमधूनच करतो, पण न बघता करतो, तर ती सवय किती घट्ट असते? बटणाची जागा बदलली हे माणसाला नुसतं माहीत असलं तर पुरतं का? मला वाटायचं, काकांच्या कामाला लागणारं ज्ञान त्या गोळा करतायत. मी खुशीनं सांगत गेले. म्हटलं, माहीत असणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. सरावाशिवाय, घाईत, चार लोकांत हात जुन्याच जागी जाणार. त्या मान डोलवायच्या आणि काकांची बोटं चोळत राहायच्या.

शेखर सरांना एक खोड होती. कुणी पाहुणे कंपनी बघायला आले की ते ऑपरेटरला उठवून स्वतः मशीनपाशी उभे राहायचे, पाहुण्यांकडे तोंड करून बोलत बोलत, स्क्रीनकडे न बघता उजवीकडचं 'सुरू' दाबायचे आणि म्हणायचे, "एक बोट, आठ कॉइल!" मशीनं आल्यापासून त्यांनी हे तीस-चाळीस वेळा केलं होतं.

कामगारांनी सुधारणा सुचवायची एक योजना कंपनीत होती. आशाताईंनी फॉर्म भरला. लिहिलं ते शंभर टक्के खरं होतं: सुरू करताना तार उजव्या चिमटीत धरावी लागते, आणि 'सुरू'चं बटणही उजवीकडे, त्यामुळे दर वेळी तार सोडून हात न्यावा लागतो आणि तिथंच ती सैल पडते. 'सुरू' डावीकडे घ्या, 'उलट' उजवीकडे न्या. मशीनवाल्या कंपनीच्या माणसाला स्क्रीनवर हे बदलायला अर्धा तास लागणार होता. शेखर सरांनी फॉर्मवर न वाचताच सही केली. अशा वीस फॉर्मवर ते एकदम सह्या करत.

बटणं बदलली. फळ्यावर नोटीस लागली, तिच्यावर सरांची सही. लाइनवरच्या अकरा जणींना शिकवायचं काम सुपरवायझरनं आशाताईंकडेच दिलं. त्यांनी तीन आठवडे घेतले. रोज पंधरा मिनिटं, मशीन हळू, मागे कुणी उभं राहायचं नाही, हसायचं नाही. अकराही जणींच्या हाताला डावं बटण आलं. रिजेक्शन निम्म्यावर आलं.

ट्रेनिंगच्या यादीत बारावं नाव शेखर सरांचं होतं. आशाताई त्यांच्याकडे एकदाच गेल्या, आणि वेळ निवडून गेल्या. सर चार ज्युनियर इंजिनियरांसोबत बसलेले होते.

"सर, नवीन बटणांचं तुम्हाला पन शिकवते. दहा मिनिटं या ना खाली."

इंजिनियर हसले. सरांचा चेहरा ताठ झाला. "मला तुम्ही शिकवणार? बाई, ती मशीनं मी आणलीयत."

"बरं सर," आशाताई म्हणाल्या आणि यादीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: वेळ नाही.

"एकट्यात विचारलं असतं तर कदाचित आला असता," त्यांनी मला नंतर सांगितलं. "म्हनून एकट्यात नाय विचारलं."

महिनाभरानं मोठ्या गिऱ्हाइकाचे चार लोक पुण्याहून आले. सोबत कंपनीचे प्लांट हेड. सगळे हर्षालीच्या मशीनपाशी थांबले. शेखर सरांनी तिला हातानं उठ म्हणून खुणावलं. आशाताई आपल्या जागेवरून उठल्या आणि सरांच्या मागे, दोन हातांवर, येऊन उभ्या राहिल्या. हातात मोबाइल होता, त्यावर वेळ लावलेली. सरांना तो दिसेल असा धरला होता.

सर पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "एक बोट, आठ कॉइल!" आणि उजवीकडे दाबलं.

आठही बॉबिन उलट्या फिरल्या. गुंडाळलेली तार सुटली, सैल पडली आणि एकीत एक गुंतली. सरांनी चटकन लाल दाबलं. हसून म्हणाले, "सॉरी, सॉरी." हर्षाली हळूच म्हणाली, "सर, डावीकडे." त्यांनी मान हलवली, मागे एकदा आशाताईंकडे पाहिलं आणि दाबलं. पुन्हा उजवीकडे. गुंता वाढला. आता त्यांच्या कानशिलांवर घाम दिसत होता. हिरवं बटण डावीकडे आहे हे त्यांना दिसत होतं, सगळ्यांनाच दिसत होतं. हात उचलला, अर्ध्यात थबकला आणि तिसऱ्यांदा उजवीकडेच गेला. तांब्याचं जाळं मशीनमधून खाली लोंबू लागलं.

"सावकाश, सर," आशाताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण अगदी मायेच्या आवाजात म्हणाल्या. "घाबरू नका. होतं असं."

पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "ही मशीनं रोज कोण चालवतं?" आशाताई आपल्या मशीनपाशी गेल्या, बसल्या, त्या बाईंच्या डोळ्यांत बघत डावीकडे दाबलं, आणि आठ बॉबिन सरळ फिरू लागल्या.

हर्षालीनं व्हिडिओ काढला होता. चहाच्या सुट्टीत आशाताईंनी तो ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. प्लांट हेडनी विचारलं की मॅनेजरला बदल माहीत कसा नव्हता, तेव्हा सुपरवायझरनं नोटीस काढून दाखवली, तिच्यावरची सही दाखवली, आणि ती यादी.

चार दिवसांनी शेखर सर संध्याकाळी सुटीच्या वेळी मशीनपाशी आले. लाइन रिकामी होत होती.

"तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"बटन बदललं ते कामासाठी," आशाताई म्हणाल्या. "तुम्हाला शिकवलं नाय ते मुद्दाम."

सरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझा हात खरंच वळत नव्हता. मला दिसत होतं, पण..."

"मला माहितीय," आशाताई म्हणाल्या, डबा पिशवीत टाकला आणि बसकडे निघाल्या. दीड महिन्यात सरांनी चाकणच्या कंपनीत नोकरी धरली.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं तेव्हा काका उजव्या हातानं चमचा धरून वरणभात खात होते. अर्धा भात ताटाबाहेर, पण हात त्यांचा होता. मी विचारलं, "बरं वाटलं?"

"लय बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? त्याच्या कानशिलावरचा घाम मला अजून दिसतो. गोड लागतो."

मला मात्र ते गोड लागलं नाही. मी पेशंटला उभं राहायला शिकवते. तेच ज्ञान कुणाला पाडायला वापरलं गेलं, आणि ते मीच पुरवलं, हे मनातून जाईना. मी तसं बोलले. आशाताई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पायाखाली खडूनं कोनी पाऊल काढलंय का, मॅडम?" काका जिभेला जड पडणाऱ्या शब्दांत एवढंच म्हणाले, "आता... बास, आशा."

पण बास होत नव्हतं. शेखर सर जाऊन चार महिने झाल्यावर एकदा त्याच मला म्हणाल्या, "चैताली," (मॅडम म्हणणं तोवर सुटलं होतं) "सकाळी बसमध्ये बसले की माझं त्याच्याशी भांडन सुरू होतं. पाथर्डी फाट्यापासून कंपनीच्या गेटपर्यंत. तो काय बोलंल, मी काय बोलंन. गेटपाशी उतरताना ध्यानात येतं, अरे, तो तर नायच हितं."

"चौदा महिने तुम्ही रोज तेच घोकलंत," मी म्हटलं. "तीही आता सवयच."

"मग काय करायचं? पायाला मांडीखाली घालता आलं. हे कुठं घालू?"

मला खरंच माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं.

मागच्या महिन्यात सुरगाण्याकडची एक नवी मुलगी लाइनवर आली. तिसऱ्या दिवशी तिनं सलग चार बॉबिन बिघडवल्या. आशाताई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "डोकं घरी ठेवून येते का गं?" मुलीचा हात स्क्रीनवर तसाच थिजला. आशाताईंना तो हात ओळखीचा वाटला. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा आवाजात पश्चात्ताप असा नव्हता, चीड होती, आणि ती पुन्हा शेखर सरांवरच होती. "बघ ना," त्या म्हणाल्या, "गेला तरी माझ्या तोंडातून तोच बोलला. त्याला यासाठी पन माफ करनार नाय मी."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीपाशी गेल्या. माफी मागितली नाही, ते त्यांना जमत नाही. नुसती खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसल्या, मागे नाही, आणि मशीन सगळ्यात हळू लावलं.